लालबागची खोली विकून इम्युनोथेरपी करावी का?

पत्र डोंबिवलीहून आलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहिणारी ३७ वर्षांची, लग्न झालेली, लोअर परळला अकाउंट्समध्ये नोकरी. वडील ६४ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, आई आणि मोठा भाऊ-वहिनी यांच्यासोबत लालबागच्या चाळीत पागडीच्या खोलीत राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना गालाचा कॅन्सर झाला (तंबाखू-चुना, नोकरीला लागल्यापासूनचा), ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं झालं. या पावसाळ्यात मानेजवळ पुन्हा गाठ आली. पेट स्कॅनमध्ये छातीतही ठिपके दिसले आणि आता ऑपरेशन होणार नाही असं परळच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं छोट्या डोसचं इंजेक्शन सुचवलंय. सेकंड ओपिनियनला दुसरीकडे गेले तर तिथले डॉक्टर म्हणाले फुल डोसच द्या, एका डोसला दोन लाखांच्या आसपास.

भावाने खोली विकायला काढलीय, एजंट घरी येऊनही गेला. फॅमिली ग्रुपवर 'कॅन्सरवर शंभर टक्के इलाज सापडला' असा मेसेज फिरतोय, एक चुलतभाऊ म्हणतो पवईच्या आयआयटीत न्या, आत्याने इम्युनिटी वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा सुरू केलाय. वडिलांना मात्र सगळ्यांनी मिळून 'इन्फेक्शन आहे' एवढंच सांगितलंय. तिचा प्रश्न असा: "दादाला अडवलं तर पैशासाठी बाबांना वाऱ्यावर सोडलं असं होईल का? आणि लग्न झालेल्या मुलीने खोलीबद्दल बोलूच नये असं वहिनी म्हणते, ते बरोबर आहे का?"

---

आधी एक काम कर. दादाला फोन करून सांग की एजंटकडून टोकन घेऊ नकोस, निदान दोन आठवडे तरी. टोकन घेतलं की माणूस अडकतो, मग औषध कुठलं हा प्रश्न मागे पडतो आणि व्यवहारच पुढे पुढे धावतो, परळ-लालबागच्या पट्ट्यात हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

मी डॉक्टर नाही हे सदर वाचणाऱ्यांना माहितीये, त्यामुळे बाबांना कुठला डोस द्यायचा ते मी सांगणार नाही. पण तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून काही गोष्टी गृहीत धरल्यात आणि त्यांच्या जिवावर खोलीचा सौदा चाललाय. त्यातल्या निम्म्या मला तरी पटल्या नाहीत.

आत्यापासून सुरू करते. आत्याचा हिशोब साधा आहे, इम्युनिटी कमी झाली म्हणून कॅन्सर झाला, तेव्हा इम्युनिटी वाढवा, डॉक्टरही तेच करतायत फक्त महागड्या इंजेक्शनने. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, पण हे औषध तसं चालत नाही. बाबा कंडक्टर होते, त्यांना तर हे माझ्याआधी समजेल. बसमध्ये एखादा चढतो, कंडक्टर टिकटिक करत जवळ आला की तो नुसतं "स्टाफ" म्हणतो आणि कंडक्टर पुढे सरकतो. आपल्या रक्तातल्या टी सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अशाच शरीरभर फिरून तपासत असतात, आणि त्यांच्यावर पीडी-१ नावाचा एक रिसेप्टर असतो, तो दाबला गेला की टी सेल गप्प बसते. आपल्याच चांगल्या पेशींना ती उगाच धरू नये म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी पीडी-एल-१ नावाचं प्रोटीन अंगावर घेऊन नेमका तोच रिसेप्टर दाबतात, म्हणजे फुकट्या माणूस "स्टाफ" म्हणून बिनधास्त बसून राहतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची इंजेक्शनं एवढंच करतात की हा बहाणा चालू देत नाहीत. कंडक्टर तोच असतो, त्याला कुणी टॉनिक दिलेलं नसतं. आणि मग व्हायचं तेच होतं, हा कंडक्टर कधी कधी खऱ्या स्टाफच्याही मागे लागतो.

टी सेलला गप्प बसवणाऱ्या या यंत्रणांवरच्या कामासाठी अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ॲलिसन यांचं काम सीटीएलए-४ या टी सेलवरच्या दुसऱ्या ब्रेकवर आणि होन्जोंचं पीडी-१ वर. शरीराच्या स्वतःच्या फौजेकडून कॅन्सर मारायचा ही कल्पना मात्र त्याहून खूप जुनी, न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९० च्या दशकात पेशंटच्या गाठीत चक्क बॅक्टेरिया टोचत होते. आणि आपल्या दंडावर जिचा वण असतो ती बीसीजीची लस, ती मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नळीने आत सोडतात, हे कित्येक वर्षं चाललंय आणि आजही चालतं. असो, मी भरकटले.

खऱ्या स्टाफच्या मागे लागणं म्हणजे काय ते नीट ऐक, कारण 'केमोसारखे साइड इफेक्ट नाहीत' असं तू लिहिलंयस. केमोसारखे नाहीत हे खरं, केस सहसा जात नाहीत, उलट्याही कमी. पण टी सेल्स मोकळ्या सुटल्या की आतड्याला, फुफ्फुसाला, लिव्हरला, थायरॉइडला सूज आणू शकतात, क्वचित हृदयालाही, आणि काहींना अचानक डायबेटिस होतो. हे आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी औषध थांबवल्यावरही उगवतं. त्यामुळे बाबांना जुलाब लागले तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणून वाट बघत बसायचं नाही. कोरडा खोकला, दम लागणं, डोळे पिवळे होणं, सारखी तहान लागून सारखी लघवी, कमालीचा थकवा, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. वेळेत स्टेरॉइड सुरू झालं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं. चाळीतल्या नेहमीच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं असं नाही, म्हणून 'पेशंटला इम्युनोथेरपी चालू आहे' अशी औषधाच्या नावासकट चिठ्ठी बाबांच्या पाकिटात ठेव, पास ठेवायचे त्याच कप्प्यात.

आता काढा. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्याच डॉक्टरांनी सहा पेशंटची नोंद केली, गुळवेल घेतल्यावर त्यांच्या लिव्हरला इजा झाली होती आणि ती इजा ऑटोइम्युन प्रकारची, म्हणजे आपलीच फौज लिव्हरवर उलटल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद बाजूला ठेव. बाबांना आता असं औषध मिळणारे जे स्वतःच लिव्हरला सूज आणू शकतं, आणि गोळ्यांमध्ये मेथोट्रेक्सेट असेल तर तेही लिव्हरवर ताण देतं, त्यात तिसरं काहीतरी घालून उद्या एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलं तर कशामुळे वाढलं ते कुणालाच कळणार नाही आणि डोस मात्र थांबेल. काढा बंद. आणि आजवर किती दिवस दिला ते डॉक्टरांना न लपवता सांग.

फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज मलाही आलाय, वेगवेगळ्या रूपात. त्याचं मूळ खरं आहे, म्हणूनच तो मरत नाही. २०२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दिला की डोस्टारलिमॅब नावाचं औषध सहा महिने दिल्यावर १२ च्या १२ पेशंटची गाठ नाहीशी झाली, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. मोठीच बातमी होती ती. पण ते सगळे पेशंट रेक्टमच्या म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरचे, तोही दुसरीकडे न पसरलेला, आणि त्यांच्या गाठीत एक विशिष्ट दोष होता, डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली (रिपोर्टवर 'डीएमएमआर' किंवा 'एमएसआय-हाय' असं लिहितात). अशा गाठी टी सेल्सना पटकन ओळखू येतात. रेक्टमच्या कॅन्सरमध्येही दर शंभरात पाच-दहा जणांचाच हा प्रकार असतो. गालाच्या कॅन्सरला तो आकडा लावणं म्हणजे शेजारच्याचा रिपोर्ट घेऊन आपली फाइल बनवणं झालं.

पवईचंही तसंच. आयआयटी मुंबई आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मिळून तयार केलेली नेक्सकार-१९ ही कार-टी थेरपी, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. मुंबईकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे, बाहेरच्या देशात तीन-चार कोटींना पडणारी गोष्ट इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आली. यात पेशंटच्या टी सेल्स काढून घेतात, लॅबमध्ये त्यांना सीडी-१९ ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. पण सीडी-१९ ही खूण असते बी सेल्स नावाच्या रक्तातल्या पेशींवर, म्हणून ही थेरपी विशिष्ट ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, तीही इतर उपचार करून आजार परत आला असेल तर. गालाच्या गाठीवर ती खूणच नसते. चुलतभावाला सांग, मनापासून सांगतोयस ते कळतंय पण पवईला बाबांच्या फेऱ्या नकोत.

आता मुद्द्याची गोष्ट. फुल डोस की छोटा डोस.

तुम्हा भावंडांच्या डोक्यात जे बसलंय ते असं की परळवाल्यांनी गरिबांचं औषध सांगितलं आणि दुसरीकडे खरं औषध सांगितलं, म्हणजे खोली विकली तर खरं मिळेल. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. छोट्या डोसची कल्पना कुणी खर्च वाचवायला अंदाजाने काढलेली नाही. टाटा मेमोरियलच्या टीमने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर रीतसर ट्रायल केली, सगळे असे पेशंट जिथे आजार पूर्ण बरा करणं शक्य नव्हतं. अर्ध्यांना नुसत्या गोळ्या (मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब) आणि अर्ध्यांना त्याच गोळ्या अधिक निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी. एका वर्षाने नुसत्या गोळ्यांच्या गटात १६ टक्के पेशंट हयात होते आणि इंजेक्शनच्या गटात ४३ टक्के. जगात नाव असलेल्या जर्नलमध्ये हे छापून आलंय. एवढ्याशा डोसने कसं होतं म्हणशील तर टी सेलवरचे ते पीडी-१ रिसेप्टर थोड्या औषधानेही बहुतेक झाकले जातात हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं, त्यापुढे डोस वाढवला म्हणून परिणाम त्याच पटीत वाढत नाही. ४० मिलिग्रॅमची एक बाटली येते, त्यात दोन पेशंटचा डोस निघतो, म्हणून असे पेशंट एकाच दिवशी बोलावले जातात. बाबांना ठरावीक वारीच या असं सांगितलं तर वैतागू नकोस.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर मी एका बाजूने बोलले असं होईल. या ट्रायलमध्ये छोट्या डोसची फुल डोसशी थेट तुलना झालेली नव्हती, नुसत्या गोळ्यांशी झाली. आणि फुल डोसच्या मागेही भक्कम पुरावा आहे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये, ज्यांच्या गाठीत पीडी-एल-१ सापडलं त्या पेशंटमध्ये, ५ वर्षांनी १५ टक्क्यांच्या आसपास लोक हयात होते, जुन्या पद्धतीच्या उपचाराच्या गटात ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काही जणांना हे औषध खरंच वर्षानुवर्षं देतं आणि त्या आशेत खोटं काही नाही. पण त्याच ट्रायलमध्ये नुसत्या या इंजेक्शनने गाठ डोळ्यात भरण्याइतकी आकसली ती पाचातल्या साधारण एकाचीच. दादा 'खोली विकली की बाबा वाचतील' असं धरून चाललाय, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेव, रागाने नाही, चहा पिताना.

म्हणून पुढच्या ओपीडीला मी विचारीन ते असं. बाबांच्या गाठीची पीडी-एल-१ टेस्ट झालीय का, सीपीएस (गाठीत पीडी-एल-१ किती आहे त्याचा स्कोअर) किती आला. टेस्ट बहुतेक वेळा आधीच्या बायोप्सीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावरच (त्याला ब्लॉक म्हणतात) होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. सीपीएस शून्य असेल तर नुसत्या फुल डोसचा मुद्दा बराच लंगडा होतो, वीसच्या वर असेल तर निदान बोलण्यासारखा होतो. मग विचार, या औषधाचा हेतू काय, बरं करणं, आयुष्य वाढवणं की त्रास कमी करणं. हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीही कुठल्याच डॉक्टरांना विचारलेला नाही असं पत्रावरून दिसतंय, पैसे किती हे मात्र दोन्हीकडे विचारलंय. आणि तिसरं, उपयोग होतोय की नाही ते कधी कळणार. सहसा दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो, त्यात गाठ वाढत असेल तर औषध बंद करायचं की नाही हे आधीच ठरवा, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही आणि 'अजून एक डोस देऊन बघू' म्हणत माणसं कर्जात जातात. दोन ओपिनियन दोन टोकांची आल्यामुळे गोंधळ होत असेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी, म्हणजे देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी जोडलेली 'नव्या' म्हणून ऑनलाइन सेवा आहे, तिथे रिपोर्ट टाकून तज्ज्ञांचं मत घेता येतं.

आता खोलीचा हिशोब, तू अकाउंट्सवाली आहेस म्हणून तुझ्याच भाषेत. दर तीन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला सतराच्या आसपास डोस, दोन लाखांनी चौतीस लाख. औषध लागू पडलं तर ते दोन वर्षांपर्यंत देतात. त्यात स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, मध्येच ॲडमिट करावं लागलं तर ते वेगळं. पागडीची खोली विकताना मालक त्याचा वाटा मागणार, घाईत विकताय हे कळलं की एजंट भाव पाडणार, आणि कागद पूर्ण होऊन पैसे हातात यायला महिने लागतील. तोंडाचा परत आलेला कॅन्सर महिने थांबत नाही. म्हणजे ज्या पैशाच्या भरवशावर फुल डोसची वाट बघायची तो पैसा यायच्या आत निर्णयाची वेळ निघून जाईल. छोटा डोस याच आठवड्यात सुरू होऊ शकतो. आणि आई कुठे राहील ते पत्रात कुठेच नाही, मी दोनदा वाचलं.

तरीही फुल डोसकडे जायचं ठरलंच तर विकण्याआधी बाकीची दारं ठोठावा. दादाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत का बघा. इन्शुरन्सच्या नियमांप्रमाणे मोनोक्लोनल अँटीबॉडीच्या इम्युनोथेरपीला कंपन्या सरसकट 'बसत नाही' म्हणू शकत नाहीत, पण सब-लिमिट, म्हणजे त्या उपचाराला पैशाची वेगळी मर्यादा, लावतात, ती किती ते पॉलिसीच्या बारीक अक्षरात असतं. औषध कंपन्यांच्या पेशंट सपोर्ट स्कीम असतात, ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे फुकट वगैरे, त्या लेखी मागा. महात्मा फुले योजनेत कुठलं पॅकेज लागतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, आणि धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावेच लागतात, त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. टाटामध्ये मेडिकल सोशल वर्करला भेटल्याशिवाय घरी येऊ नका, त्या लोकांना कुठला ट्रस्ट कधी पैसे देतो हे तोंडपाठ असतं.

वहिनीच्या बोलण्यावर फार वेळ घालवत नाही. बाबांच्या आजाराबद्दल बोलायला मुलगी असणं पुरतं. खोलीबद्दल मात्र मला वेगळंच विचारायचंय. भाड्याची पावती कुणाच्या नावावर आहे? बाबांच्याच असणार ना? मग विकायच्या कागदावर सही कुणाची? म्हणजे 'इन्फेक्शन' झालेल्या माणसाकडून तुम्ही राहती खोली विकायची सही घेणार आहात. काय सांगून घेणार?

माझ्या मते तुमचा सगळा गुंता इथे आहे. औषध बाबांच्या अंगात जाणार, खोली बाबांची, आणि चर्चा मात्र फॅमिली ग्रुपवर, ज्यात बाबा नाहीत. ज्या माणसाने एकदा ऑपरेशन, रेडिएशन सगळं भोगलंय, जो टाटाच्या ओपीडीत तासन्तास बसलाय, त्याला मानेवर पुन्हा गाठ आल्यावर कळलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? बहुतेक त्यांना कळलंय आणि तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी गप्प आहात. सांगायचं म्हणजे धाडकन 'स्टेज चार' म्हणायचं नाही. आधी विचार, "बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं सांगू की दादा आणि मी बघून घेऊ?" काही माणसं म्हणतात तुम्हीच बघा, तो त्यांचा निर्णय झाला आणि तो मानायचा. पण ते सांग म्हणाले तर सांग, आणि मग खोलीचंही सांग. मला वाटतं कंडक्टरकी केलेला माणूस पहिल्यांदा हिशोब विचारेल, आणि आईचं नाव काढेल. ते 'विका' म्हणाले तर माझ्या सगळ्या हिशोबावर काट मार, त्यांची खोली, त्यांचा जीव. 'नको' म्हणाले तर दादाच्या छातीवरचा दगड तेच उतरवतील, तू कितीही समजावलंस तरी तुझ्याने तो उतरायचा नाही. दादाला आत्ता विकण्यापलीकडे काही करता येत नाहीये म्हणून तो विकतोय, त्याला दुसरं काम दे, फाइल त्याच्याकडे दे, डोसच्या दिवशी सुट्टी त्याला काढू दे.

आणि पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची ओपीडी, तिचं नाव काढलं तरी घरात रडारड होते, पण दुखणं, गिळता न येणं, तोंडाला वास येणं, जखम भरत नसणं, झोप न लागणं यासाठी तीच माणसं उपयोगी पडतात आणि औषध चालू असतानाच जायचं असतं, सगळं संपल्यावर नाही. बाबांना दुखत असेल तर मॉर्फिनला घाबरू नका, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दिलं तर व्यसन लागेल ही भीती बाजूला ठेवा. नळीने खायला द्यायची वेळ आली तर आईला आधीच शिकवून ठेवा.

गोळ्या सुरू झाल्या तर एक फार महत्त्वाचं. या प्रकारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही. रोज घेतलं तर जीवावर बेततं. बाकीच्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे घराघरांत हा घोळ होतो. कालनिर्णयवर त्या वारावर लाल पेनाने खूण कर आणि ती पाकिटं बाकीच्या गोळ्यांपासून वेगळ्या डब्यात ठेव, डबा आईच्या नाही तर दादाच्या ताब्यात.

याच फेऱ्यात सापडलेल्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण 'आमच्या पेशंटला इम्युनोथेरपी चालेल का' अशी पत्रं आता सारखी येतात. कुठल्या अवयवाचा कॅन्सर एवढ्यावरच ते ठरत नाही, गाठीची तपासणी काय सांगते तेही बघावं लागतं. आतड्याचा कॅन्सर असेल तर एमएमआर किंवा एमएसआयची (डीएनए दुरुस्तीच्या त्याच दोषाची) टेस्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. फुफ्फुसाचा असेल, आणि विशेषतः पेशंटने कधी विडी-सिगारेट ओढलेली नसेल, तर आधी ईजीएफआर आणि एएलके या गाठीतल्या जनुकांचा रिपोर्ट येऊ द्या, तो येईपर्यंत इम्युनोथेरपीची घाई नको, कारण ईजीएफआरचा दोष असलेल्या गाठीवर ही इंजेक्शनं फारशी चालत नाहीत, तिथे रोजची गोळी जास्त चांगली चालते, आणि इंजेक्शननंतर लगेच ती गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे औषध ऑपरेशनच्या आधीपासून केमोसोबत देतात. कुणाला आधीपासून ऑटोइम्युन आजार असेल, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस, ल्युपस, किंवा किडनी ट्रान्सप्लांट झालेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आणि ज्यांच्या घरी तोंडाचा कॅन्सर आत्ताच निघालाय, अजून ऑपरेशन व्हायचंय, त्यांच्यासाठी एक नवी गोष्ट आहे, जून २०२५ मध्ये अमेरिकेत पीडी-एल-१ असलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधी आणि नंतर द्यायला परवानगी मिळाली. खर्च मोठा आहे आणि सगळ्यांना लागू नाही, पण विचारायचं असेल तर ऑपरेशनची तारीख पक्की व्हायच्या आत विचारा, कारण त्यातले पहिले दोन डोस चाकू लागायच्या आधी द्यायचे असतात.